उकळून घालवलेला वास

कलकत्ता, मार्गशीर्ष, बुधवार संध्याकाळ

गावाहून आलेल्या पत्रात पुन्हा आबांचं तेच, की मी आईला औषध म्हणून लाकूड पाठवलं. लाकूड न्हाय ते, कोष्ठाचं वासाचं औषधी मूळ हाय. गोदामात दिवसभर त्याचीच पोती शिवतो, चीनला जातात. अंगाला इतका वास की खोलीतला सोबती म्हणतो, तू दाराशी झोप. पण आईचं पोट अजून फुगतंय, जेवण जात न्हाय, हे वाचून कशात जीव लागंना. मीच चुकलो का?

आज चिनी वैद्यांच्या दुकानात पोतं टाकताना विचारलंच. पोट फुगलं, भूक मेली की तेही हेच मूळ देतात. म्हणाले, "उकाला कितना?"

मी सांगितलं, आमच्याकडं काढा आठवा हिस्सा उरेस्तोवर आटवतात.

म्हातारे लई हसले. "तो अम्मा को लकडी का पानी पिलाया. खुशबू उडा, दवा उडा." पाण्याला उकळी आली की शेवटी टाकायचं, वर झाकण, जरा वेळच.

म्हणजे आबाही खरे आणि मीही. बरं वाटलं. उरलेली मुळं आबांनी घरी घोंगड्यांत ठेवलीत म्हणं, कसर लागू नये म्हणून. तिथं वास टिकला असंल. उद्याच कळवतो, आणि घट्ट झाकणाच्या भांड्यासाठी पाच रुपये कळदार पाठवतो.