दोनदा दाबलं व्हतं

कराड,
१२ सप्टेंबर २०२५

कृष्णात गड्या,

रामराम. पाकीट बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं न्हाई. आमच्या कोचनं, ऋषिराज सरांनी, पहिल्याच दिवशी समद्यांचे मोबाईल गोळा करून कपाटात कोंडले. शिबिर संपल्याबिगर मिळायचे न्हाईत. सर माझ्यापेक्षा पाच वर्षांनी ल्हान हाय, पण सर म्हणावं लागतंय. म्हणून वहीची पानं फाडून बोलतो तसं लिवतोय. पलूस गाडीचा कंडक्टर तुमच्या भावकीतलाच निघाला, त्याच्याकडं देतो. दहावीच्या पेपरानंतर एवढं आज पहिल्यांदाच लिवतोय, तवा चुका काढत बसू नकोस.

काकींचा खोकला थांबला का? बागेची छाटणी कवा धरताय? पाऊस काय उघडीप देईना. तुझा गुडघा ठणकत असंल ह्या हवेत. वहिनींना सांग, शेंगदाण्याची चटणी पोचली, आणि पोरगं एकटं खात न्हाई, मला बी देतंय.

तुझ्या राजवर्धनचंच सांगायला बसलोय. लय गुणी पोरगं हाय रं. पहाटे माझ्या आधी मैदानावर असतंय. मी गेलो की पाया पडायला वाकतंय, मी म्हणतो, गड्या, रोज रोज वाकलास तर ह्याच वयात कंबर जाईल. मांडी धरली की सोडत न्हाई. एकोणीस वर्षांचा हाय, पण पकडीला तुझीच सावली. परवा मी त्याला शेजारी उभा करून बघितलं, तर हाताची पकड सुद्धा तशीच, अंगठा आत मुडपून. मला वाटलं तूच उभा हायस, मधली पंधरा वर्षं गेलीच न्हाईत.

म्हणून त्याला आपली खूण शिकवली. मी कोपऱ्यात, तो शेजारी, दोघांचे हात एकमेकांत. मी एकदा दाबलं की थांबायचं. दोनदा दाबलं की मी घोट्यावर जातो, त्यानं मागं न बघता समोरून अंगावर यायचं. आठवतंय ना, पलूसच्या शाळेमागं आपण दोघांनी बसवली व्हती ही खूण? आजपतूर कुणाला सांगितली न्हाई. आता तिघांना ठाऊक हाय.

आता अडचणीचं. कबड्डी लीगला बारा जणांची यादी द्यायचीय. अकरा ठरल्यात. बारावा डाव्या बाजूचा पकडीचा गडी पायजे, आणि त्या जागंला माणसं दोन. एक मी म्हातारा, वय सदतीस. दुसरा तुझा लेक. बघ कशी गंमत हाय.

वजनाच्या काट्यावर माझं साडेशहाऐंशी भरलं. पंच्याऐंशीच्या वर उभं करत न्हाईत. रेनकोट घालून पळालो, दोन दिवस ताकावर काढलं, तवा कुठं बसलो. पोरं हसत व्हती. हसू देत. रेश्मा म्हणाली व्हती, आता मुकाट्यानं उंब्रजला या आणि उसाला पाणी पाजा. पण कृष्णात, घरी मी काय करतो तुला ठाऊक हाय. चहा पितो आणि टीव्हीवर दुसऱ्यांच्या पकडीला शिव्या घालतो. सतरा वर्षं मला दुसरं काय आलंच न्हाई. औंदा घेतलं न्हाई तर पुढं कोण इचारतंय? ह्या जागंसाठी मी लय धडपडतोय, तुझ्यापासनं काय लपवू.

पण काळजी करू नकोस. शिबिराला पाठवताना तू स्टँडवर त्याचा हात माझ्या हातात दिलास, "हा आता तुझा" म्हणालास, ते ध्यानात हाय. ज्याचं नशीब त्याची जागा.

तुझा जोडीदार,
उदय


कराड,
२१ सप्टेंबर २०२५

कृष्णात,

रामराम. हे पत्र तुझ्या घरी धाडतोय, सांगलीच्या दवाखान्यात न्हाई. तू आंघोळीला आणि डबा न्यायला घरी जातोस तवा वाच. एकटा वाच. काकींना वाचून दाखवू नकोस.

मोबाईल परत मिळालाय. त्यात तुझे चार फोन दिसले. मी उलट फोन केला न्हाई. फोनवर माझं तोंड खोटं बोलायला लगेच तयार व्हतंय, हाताला तेवढं जमत न्हाई. म्हणून परत वही फाडली.

काल यादी लागली. बारावं नाव माझं हाय. पोरांनी पेढे आणले. रेश्माला कळवलं, तर ती उगंच रडली. मला वाटलं व्हतं ती चिडंल. क्रांतीनं शाळेत सांगून टाकलं, माझे पप्पा टीव्हीवर दिसणार. पाऊस थांबलाय. जेवण बरं असतं.

हे काय लिवतोय मी. तुला काय करायचंय माझ्या जेवणाशी.

गुरुवारचं तुला ऋषिराज सरांनी सांगितलं. मी बी सांगितलं. पोरानं घाई केली, चढाईला आलेल्या अफताबच्या अंगावर एकटाच गेला, पाय मॅटवर रुतलेला आणि वरनं त्याचं चौऱ्याऐंशी किलो. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. समदं बरोबर हाय त्यात. फक्त सुरुवात खोटी हाय.

सकाळी काय झालं ते आधी ऐक. सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "दादा, मनावर घेऊ नका. राजवर्धनमध्ये समदं हाय. एकच खोड, जरा उतावळा हाय. आज सरावाच्या सामन्यात तेवढं बघतो आणि नाव लिवतो." माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हातारा बैल इकताना त्याच्या पाठीवर ठेवत्यात तसा. मला तवाच कळलं, संध्याकाळी मी उंब्रजला.

शेवटची पाच मिनिटं राहिली व्हती. मी कोपऱ्यात, राजा शेजारी, त्याचा हात माझ्या हातात. मिरजेचा अफताब, शिबिरातलाच गडी, समोरच्या बाजूनं चढाईला आला. तुला ठाऊक हाय, अफताबला घोट्याला धरल्याबिगर कुणी समोरून थांबवू शकत न्हाई. तो आमच्या बाजूला वळला, बोनस गुणासाठी रेषेपल्याड पाय टाकला, आणि परत फिरायला निघाला.

मी दोनदा दाबलं.

आणि गेलो न्हाई.

जागचा हललो न्हाई, कृष्णात. पाय घसरला न्हाई, उशीर झाला न्हाई, कंबर धरली न्हाई. हात सोडला आणि उभा राहिलो. पोरगं मागं न बघता गेलं. मीच शिकवलं व्हतं मागं बघायचं न्हाई म्हणून.

आईशपथ सांगतो, गुडघा मोडावा असं मनात नव्हतं. तो एकटा धावलेला दिसावा, अफताबनं त्याला झटकून निघून जावं, सरांनी म्हणावं, बघा, उतावळा. एक गुण जाईल, एवढंच डोक्यात व्हतं. पण आवाज आला. तुला तो आवाज ठाऊक हाय. मला बी ठाऊक हाय, तुझ्या वेळी शेजारीच व्हतो मी.

पोरगं वरडलं न्हाई. गुडघा दोन्ही हातांनी धरून माझ्याकडं बघत व्हतं. अफताब डोकं बडवून घेत व्हता. तो अजून धड जेवत न्हाई, "मेरी वजह से हुआ" म्हणत बसतो. मी त्याच्या पाठीवरनं हात फिरवतो आणि गप बसतो. दोन दिवस एवढंच करतोय.

सरांनी व्हिडिओ लावून समद्यांना दाखवला. म्हणाले, "हे बघा, उदयदादा कसे थांबलेत. अनुभव म्हणतात तो ह्याला." समदी पोरं माझ्याकडं बघत व्हती. व्हिडिओत बोटं दिसत न्हाईत.

आता त्याच्याहून वाईट सांगतो. शुक्रवारी दवाखान्यात आलो तवा तू मला मिठी मारलीस. "तू जवळ व्हतास म्हणून बरं," म्हणालास. मग चहा आणायला खाली गेलास. राजा माझ्याकडं वळला आणि बारीक आवाजात म्हणाला, "काका, दोनदा दाबलं व्हतं नव्हं?"

तिथं मला सांगता आलं असतं. दार लोटलेलं, तिसरं कुणी न्हाई. मी म्हणालो, "न्हाई रं राजा. एकदाच."

तो आपल्या हाताकडं बघत राहिला. बोटं उघडली, मिटली. मग म्हणाला, "मग माझीच घाई झाली." तू चहा घेऊन आलास तवा त्यानं तुला बी तेच सांगितलं. आणि तू त्याच्यावर चिडलास, कृष्णात. "तुला शंभरदा सांगितलं, दमानं घे," असं म्हणालास. मी तुझ्या हातचा चहा पीत उभा व्हतो. साखर जास्त झाली व्हती, ते बी ध्यानात हाय.

डॉक्टर वर्ष म्हणतोय. वर्षानं बी खेळंल का न्हाई सांगत न्हाई. पाय तर गेलाच. वरनं मी त्याच्या हातावरचा त्याचा भरोसा बी घेतला. ज्याला आपल्या हातानं काय ओळखलं तेच खरं वाटत न्हाई, तो साखळीत कसा उभा राहणार?

आज सकाळी ऋषिराज सरांकडं गेलो. दार लावून घेतलं आणि समदं सांगितलं. खूण सांगितली, त्यांचा हात धरून दोनदा दाबून दाखवलं. मला वाटलं व्हतं, थोबाडीत देतील. त्यांनी माझा हात बाजूला केला. मग म्हणाले, "दादा, हे तुम्ही मला सांगितलं न्हाई आणि मी ऐकलं न्हाई. यादी गेली. पोरगं तर औंदा उभं राहणार न्हाई. आता तुम्ही बी गेलात तर डावा कोपरा कुणाला देऊ?"

आणि मला बरं वाटलं. हे तुला सांगायलाच पायजे. जिन्यावरनं उतरताना छातीवरचं ओझं उतरलं, वाटलं, सांगून झालं, जागा बी राहिली. खोलीवर आलो, नवीन जर्सी अंगात घातली, आरशात बघितली. पाठीवर माझं नाव. डोक्यापासनं घोट्यापतूर सुखावलो. मग पट्टी बांधायला उजवा हात पुढं केला आणि ध्यानात आलं, ह्याच हातानं दोनदा दाबलं व्हतं. पट्टी तिथंच टाकली, जर्सी काढली.

जर्सी सरांच्या टेबलावर ठेवून आलोय. कंबर गेली असं कागदावर लिवून दिलं. खरं लिवलं असतं तर त्यांनी कागद फाडला असता. कोपरा कुणाला देतील ते देतील. पेढे खाऊन झाल्यावर रेश्माला काय सांगायचं आणि क्रांतीनं शाळेत काय सांगायचं, ते अजून सुचलं न्हाई. पण ह्यात माझं मोठेपण काय न्हाई, आणि त्यानं पोराचा गुडघा जुळत न्हाई. तुला सांगितलं ते फक्त दुसऱ्या कुणाकडनं अर्धवट कळू नये म्हणून.

माझ्या दारात येऊन मला जोड्यानं मारलंस तरी मी हात वर करणार न्हाई. माफी मागत न्हाई, मागायची लाज वाटते. एकच काम कर. राजाला सांग, त्याचा हात बरोबर व्हता. दोनदाच दाबलं व्हतं. तो उतावळा न्हाई. सांगितल्यासारखं, वेळेवर, मागं न बघता गेला. तू असाच जायचास. हे त्याला आजच सांग, उद्यावर टाकू नकोस. आणि अफताबला बी कळू दे. त्याला मी स्वतः सांगतो, पण मी मधीच शेपूट घातली तर तू सांग.

आता शेवटचं. हे वाचून तुझ्या मनात जे येईल ते मला ठाऊक हाय. दोन हजार दहा साली तासगावात तुझा गुडघा गेला, तवा बी मीच कोपऱ्यात व्हतो, आणि तवा बी मी दोनदा दाबलं व्हतं. लोक म्हणत व्हते, उदय गेलाच न्हाई. तू भर चौकात त्यांच्याशी भांडलास. म्हणालास, "माझा हात त्याच्या हातात व्हता, मला इचारा." पंधरा वर्षांत एकदा बी तू मला इचारलं न्हाईस.

कृष्णात, तवा मी गेलो व्हतो. चढाईवाल्याचा घोटा हातात आला व्हता, घामानं निसटला. माझ्या नखात त्याच्या मोज्याचा धागा राहिला व्हता. हे खरं हाय.

पण आता मी खरं म्हणून सांगितलं तरी ते तू कशावरनं मानायचं, ते मला कळत न्हाई. तुझा पंधरा वर्षांचा भरोसा बी मी गुरुवारी त्याच मॅटवर घालवला.

खाली जोडीदार लिवायला हात गेला व्हता. मागं घेतला.

उदयसिंह,
उंब्रज