ईदनंतर भरून काढू

रमजान ५, गुरुवार
नशेच्या गोळ्या सोडून आज एक्याण्णव दिवस. व्यसनमुक्तीच्या बैठकीत फौझीसरांनी मला साथी केलं, म्हणजे नव्या मुलाला सांभाळायचं. सतराव्या वर्षी! अख्ख्या अलेक्झांड्रियात एवढा तरुण साथी नसेल. माझ्याकडे मोहाब दिलाय. वय पंधरा, बहारी मोहल्ल्यातल्या कोळ्याचा मुलगा, सोडून तीन आठवडे. रोज इफ्तारच्या अर्धा तास आधी त्याला फोन करायचा, तेव्हाच जीव जास्त घाबरा होतो. नियम एकच: घसरलात तर येत्या गुरुवारी सगळ्यांसमोर सांगायचं आणि पुन्हा एकपासून मोजायचं. मला तो लागू पडायची वेळ येणार नाही म्हणा.
संकल्प: मोहाबला थोरल्या भावाची माया द्यायची.

रमजान ८
चिकाटी या विषयावर फोनवर पस्तीस मिनिटं बोललो. शेवटी मोहाब म्हणाला, दादा, अजान कधीच झाली, आईची मॅकरोनी गार होतेय, आता पाणी प्यायलो तर चालेल ना? गमत्या पोरगा.

रमजान ११, इफ्तारनंतर
काकांच्या दुकानात कपाटं उचलून पाठ धरली. आईला गुडघ्यासाठी दिलेली ट्रॅमाडॉल, मी सोडलेली तीच गोळी, घरात होती. अर्धी घेतली. अर्धीच. रमजानात सैतान साखळदंडात असतो, तेव्हा त्याच्यावर ढकलता येत नाही. पण पाठीवर येतं.
शांतपणे विचार केला. आजारपणात रोजा सुटला तर ईदनंतर एक दिवस धरून भरून काढतातच. मग हाही एक दिवस ईदनंतर भरून काढू. आकडा तोच: सत्त्याण्णव.

रमजान १२, गुरुवार
अठ्ठ्याण्णव म्हणालो. टाळ्या. मोहाबच्या सगळ्यात लांबल्या. नंतर इफ्तारला कतायफ वाटले, रमजानची पाकातली मिठाई, घशाखाली उतरेनात. पाक जास्त झाला असावा.

रमजान १५
उरलेली अर्धी घरात पडून राहणं धोक्याचं होतं. संपवली. दोन अर्ध्या मिळून एकच, म्हणजे भरायचा दिवसही एकच.

रमजान १७
मोहाबने आज हळूच विचारलं, समजा एकदा झालंच, तर गुरुवारी सांगावंच लागतं का? सगळे बघत असतात हो. खरं सांगायची हीच वेळ होती. मी म्हणालो, अरे, रोजा भरून काढतो तसंच, ईदनंतर एक दिवस जास्तीचा धरायचा. तो म्हणाला, पण सर असं कधी बोलले नाहीत. मी म्हणालो, नव्यांना सांगत नाहीत. केवढा खूश झाला! दादा, तुम्ही होतात म्हणून, म्हणाला.
उद्या नीट समजावतो.

रमजान १८
पाहुणे होते. फोन राहिला.

रमजान १९, गुरुवार
मोहाब बैठकीला आला नाही. मी एकशे पाच म्हणालो.

रमजान २०
उद्या नक्की.

रमजान २२
दुपारी मोहाबच्या आईचा फोन. त्याला फिट आली, हॉस्पिटलात आहे. पाच दिवस गोळ्या घेत होता. म्हणाली, बाळा वाएल, त्याच्या वहीत लिहिलंय, ईदनंतर भरायचे दिवस: पाच. हे काय रे? तुझं ऐकतो तो, तू ये. गेलो. माऊलीने रोजा असूनही माझ्यासाठी खुर्ची पुसली. मोहाब झोपलेला, जीभ चावलेली, ओठाला रक्त सुकलेलं. हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही, मी.
वही कसली, मला ठाऊक नाही म्हणालो.
घरी येऊन आईची आणखी एक घेतली. ही मोजायची नाही, ही दुःखाची.

रमजान २५
कबुलीजबाब लिहिला, चार पानं. उद्या वाचणार. भाषा चांगली उतरलीय.

रमजान २६, गुरुवार
पानं खिशात होती. माझ्याआधी मोहाबच उठला, रंग उडालेला, मनगटावर सलाइनची पट्टी. म्हणाला, मी घसरलो, पाच वेळा. आज माझा चौथा दिवस. वाएलदादांनी लगेच सांग म्हणून बजावलं होतं, मीच ऐकलं नाही. सगळे माझ्याकडे वळले, फौझीसरांनी पाठ थोपटली. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. पानं खिशातच राहिली.
इफ्तारच्या अर्धा तास आधी त्याचाच फोन. म्हणाला, दादा, ती भरून काढायची युक्ती ज्याने सोडल्यावर पुन्हा गोळी घेतलीच नाही त्याला सुचत नाही. सर्वांसमोर तुमची लाज काढायची नव्हती. मला सांगा, खरा आकडा किती?
खिशातली पानं चाचपली. मग म्हणालो, अकरा.
चांगलं आहे, म्हणाला, उद्या बारा झाले का ते विचारीन.
बावीस तारखेची गोळी धरली तर माझाही आज चौथाच.