आणखी एक बाटली

सोमवार
आले एकदाची दवाखान्यात. मुलाने आणून सोडलं. खिडकीजवळची खाट, धुतलेली चादर, आणि सून घरी राहिली. माणसाला आणखी काय हवं? आतड्यात गाठ आहे, ती गुरुवारी काढायची. मोठे डॉक्टर म्हणाले, आजी, काळजी करू नका. म्हटलं, काळजी तुम्ही करा, कापणार तुम्ही आहात. शेजारच्या खाटेवर एक शिवणवाली बाई आहे, माझ्याहून बरीच लहान. तिचंही पोटच. दिवसभर दोघींनी बसून आपापल्या सुनांची सालं काढली. बरं वाटलं.

मंगळवार
शिवणवालीला सकाळी नेलं, दुपारी आणलं. शुद्धीवर आली, हसली, आणि धापा टाकायला लागली. ताप नाही, फार दुखतही नाही म्हणते, पण पडल्यापडल्या डोंगर चढत असल्यासारखा श्वास. भूल देणारी डॉक्टरीण बघून गेली. पोरसवदाच आहे, पण विचारलं तर नीट सांगते. म्हणाली, शिरेतून लावतात त्या बाटल्या दोन जातीच्या. एक नुसत्या मिठाच्या पाण्याची, दुसरी रक्ताशी मेळ खाणारी. मिठाची थोडी चालते. मोठ्या ऑपरेशनात धो धो सोडली तर रक्त आंबट होतं, मग शरीर धापा टाकून तो आंबटपणा बाहेर काढत बसतं. मग दुसरी का नाही लावली? तर म्हणे मोठ्या डॉक्टरांचा नियम. इथे पहिल्यापासून सगळ्यांना एकच, मिठाची.

बुधवार
शिवणवालीचे हात सुजले, अंगठी बोटात रुतली. लघवी कमी झाली. इथली रीत अशी, की लघवी कमी तर आणखी एक बाटली. डॉक्टरीण म्हणाली, त्या मिठानेच किडनी आखडते. म्हणजे आगीवर रॉकेल ओतायचं आणि विझत का नाही म्हणून पुन्हा ओतायचं. तिने मोठ्या डॉक्टरांना सांगून पाहिलं. त्यांनी वॉर्डभर ऐकू जाईल असं झापलं तिला.

संध्याकाळी धाप थांबली. मला आधी वाटलं, झोपली बिचारी. बाटली ठिबकतच होती.

मुलाला म्हटलं, मला दुसरीकडे ने. तर म्हणाला, आई, तुला कधी काय पटलंय? भाजीवाल्याशी भांडतेस तशी डॉक्टरांशी भांडू नकोस. जन्मभर करवादले, आता भ्यायले तरी लोकांना करवादणंच ऐकू येतं.

शुक्रवार
जगले. गाठ निघाली. मोठे डॉक्टर खूश. बाटली तीच. डॉक्टरीण दिसत नाही, रजेवर पाठवलंय म्हणे.
धाप नाही.
थोडी आहे.

शनिवार
हा श्वास माझा नाही. आत बसून कुणीतरी भाता ओढतंय. शिवणवालीचाच ताल. तिची खाट रिकामी आहे, तरी तिकडूनही येतो —
बोटं फुगली. पेन धरवत नाही. सिस्टरने लघवीची पिशवी पाहिली, तोंड वाकडं केलं, गेली — काय आणायला गेली ते —

रविवार
बाटली आली. नको म्हटलं. बोलायला श्वास पुरत नाही. डावा हात छातीशी आवळून धरला —
मुलगा आलाय. रडतोय. तुझ्याच भल्यासाठी गं आई, म्हणतो, आणि हात सोडवून सरळ करतोय. लहानपणी औषध पाजताना मी त्याला धरायचे, तसा. घट्ट —
उजवा मोकळा म्हणून लिहि — सिस्टर नळीचं चाक फिरवते — त्याला सांगा कुणीतरी, मी भांडत नाहीये रे, मी —