शंभरीच्या घरातली सून

१२ जानेवारी
माझं रक्त नको म्हणाली! संशोधनवाली संयोगिता नळ्या घेऊन आली होती. दीर्घायुषी घराण्यांच्या रक्तात काय वेगळं असतं, ते शोधतात म्हणे. सासूबाईंचं घेतलं – एकशे दोन वर्षं! मग ह्यांचं, अठ्ठ्याहत्तर. मी बाही वर सारून बसलेली. "काकू, तुमचं नको. तुम्ही लग्न होऊन आलेल्या ना!"

ह्यांनी लगेच छाती फुगवली – "आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत, नव्वदीत घोड्यावर बसायचे." मागच्या खेपेला पंच्याऐंशीत बसत होते.

१४ जानेवारी
संक्रांत, इथल्या गुजरात्यांचं उत्तरायण. उंधियू झाला. पतंग बघायला निघाले, गच्चीचा जिना अर्ध्यात सोडला. दम!

१९ जानेवारी
एकटीच डॉक्टरांकडे जाऊन आले. हृदयाची झडप बदलायला हवी, उशीर नको, मग दीड महिना विश्रांती. घरी विचारते म्हटलं. विचारलं नाही. आईंची आंघोळ, पेज, गोळ्या कोण बघणार? ह्यांना गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरतं तेही ठाऊक नाही. शिवाय माझ्या माहेरी पंचाहत्तरी कुणी पाहिली नाही – ना आईने, ना दोन्ही बहिणींनी. मला त्र्याहत्तर. रक्तातच नाही, तर नवी झडप काय दिवे लावणार!

२३ जानेवारी
लायब्ररीतून जनुकांवरचं पुस्तक आणलं. दोनदा वाचलं, अर्धं कळलं. संयोगिताला फोन केला. "काकू, सगळं रक्तावर नसतं हो. खाणं, उपचार, घरातली माणसं – तेही असतं." गोड पोरगी. पण तिचं रक्त तरुण आहे.

२६ जानेवारी
ह्यांना चहा शिकवतेय. आज आलं न ठेचता अख्खंच टाकलं!
"अगं, पण तू आहेस ना!"
"नसले तर?"
हसले. खाटेवरून आई बघत होत्या. "विजया, बावन्न वर्षांत दत्ताला नाही शिकवलंस. आत्ताच का?"
"करमणूक हो, आई."
त्या हसल्या नाहीत.

२ फेब्रुवारी
दिवा लावून आईंच्या पाया पडले. एरवी रोज – अखंड सौभाग्यवती हो. आज डोक्यावरचा हात काढेचनात. मग म्हणाल्या, "सौभाग्य राहू दे. माझ्या दत्ताच्या आधी जाऊ नकोस."

ह्यांना हाक मारली. सगळं सांगितलं.