आईंचं पोर्ट

११ फेब्रुवारी
सासूबाईंच्या केमोचा दिवस. पुन्हा शीर सापडली नाही. तेजल सिस्टरने दोन्ही हात चोळून पाहिले, शेवटी पायावर आली. एरवी मासळीचा भाव करताना यांचा आवाज अख्ख्या बाजारात ऐकू जातो, आज नुसता पदर मुठीत आवळून धरला. डॉक्टर म्हणाले, "पोर्ट बसवू. छातीत कातडीखाली छोटी डबी, तिची नळी मोठ्या शिरेत. औषध तिथूनच जाईल."

आणि हा शब्द बंदराला विरोध करणाऱ्या आमच्या गावच्या बाईसमोर! आई म्हणाल्या, "पोर्ट नको म्हणून मोर्च्यात घसा फोडला मी. आता छातीत बांधू?" डॉक्टरांना काही कळेना. मला मात्र हसू आवरेना — किती दिवसांनी.

१९ फेब्रुवारी
बसवलं. उजवीकडे गळ्याच्या हाडाखाली सुपारीएवढा उंचवटा. आई त्याला बंदर म्हणतात. "काढनार कवा?" असं त्यांनी टेबलावरूनच विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बऱ्या झालात की काढू." घरी येऊन लेकाला, धर्मेशला, हेच पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

६ एप्रिल
धर्मेश बोईसरला कंपनीत हेल्पर लागला. मासेमारीबंदीला अजून अवकाश आहे, पण याने बोट आत्ताच ओढून ठेवली. आई बरी होईपर्यंत समुद्रात जाणार नाही म्हणतो. आपण दर्यात असताना काही झालं तर? तिथे सुपरवायझर हिंदीत शिव्या घालतो, हा ऐकून घेतो.

आई मला म्हणाल्या, "माज्या पायी पोर दर्या सोडून किनाऱ्याला बसला." मला दोघांचाही राग येतो. कधी कधी वाटतं, एकदाचं संपावं हे सगळं. लिहिलं खरं, पण लाज वाटतेय.

२ जून
आईंचे केस गेले, भूक गेली. जीभ तेवढी शाबूत.

२१ जुलै
रिपोर्ट आला. धर्मेश ड्यूटीवर. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. औषध लागू पडत नाही. यकृतात पसरलंय. आता केमोचा त्रास देण्यात अर्थ नाही म्हणाले. काही महिने. मी ओढणीचं टोक पिळत बसले.

मग आईंना आत घेतलं. केमो थांबवतोय एवढंच डॉक्टर बोलले, तर आई लगेच म्हणाल्या, "मंग ह्ये काढा." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. ठेवलं तर दर महिन्याला नळी धुवायला यावं लागेल, काढलं तरी चालेल, म्हणाले. मी 'काढा' म्हणून मोकळी झाले. खरं काय ते कोणालाच सांगितलं नाही.

२८ जुलै
काढलं. आई बरी झाली म्हणून धर्मेश आळीभर पेढे वाटून आला. कंपनीला रामराम ठोकला. जाळी पसरून बसलाय, शीळ घालतोय. त्याला सांगायला जाते आणि जाळ्याचं दुसरं टोक धरून बसते. मायलेकरांना मी एकटी फसवतेय.

१० ऑगस्ट
काल नारळ वाहिला. आज बोट गेली. आई माझ्या खांद्यावर भार टाकून वाळूत उभ्या होत्या. बोट दिसेनाशी झाली तरी हलेनात.

१२ ऑगस्ट
जखमेला मलम लावताना माझे डोळे भरले. आई म्हणाल्या, "रडू नको, हिमानी. डॉक्टरने तुला एकटीला आत घेतला, तवाच मी समजले. मुद्दाम काढायला सांगितलं. नायतर धर्मेशने बोटीवर पाय ठेवला नसता. त्यो आला की तू त्याला काय बी सांगू नको. सीजन जाऊ दे."