देवकीच्या वहीतली माणसं

प्रिय देवकी,

मांद्रे ते हरमल बसने वीस मिनिटं, तरी मी पत्र लिहिते आहे, म्हणजे तोंडाने बोलायची हिंमत नाही हे तू ओळखलंच असशील. दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा नारळ उतरवले का एवढंच विचारून ठेवला.

दमले गो मी. सात खोल्या आणि सातही भरलेल्या. लोक म्हणतात, सुविधाचं नशीब फळफळलं. नशीब कसलं, सुनेचा, ऋतिकाचा कॉम्प्युटर! कुठला पाहुणा कधी येतो, काय खातो, सगळं त्यात आहे. ऑगस्ट लागला की तो आपणहून त्यांना निरोप धाडतो. बाकीचे खोल्यावाले चवथीच्या गणपतीवर फळांची माटोळी बांधत असतात, तेव्हा आमचा डिसेंबर भरलेला असतो. पोरीच्या बुद्धीत खोट नाही. पण मला आता पाहुण्यांकडे बघून हसायचाही कंटाळा येतो, आणि गुडघे तर कधीचेच संपावर गेलेत.

तीन वर्षांपूर्वी चवथीला आलीस तेव्हा तू तुझी वही ऋतिकाच्या हातात दिलीस. वीस वर्षांचे पाहुणे, त्यांचे पत्ते, कोणाला तिखट चालत नाही, कोणाला सकाळी पावातला उंडोच लागतो. वाळवी लागायच्या आत हेही तुझ्या मशीनमध्ये घाल, म्हणालीस. तुझं अक्षर तिला लागेना, म्हणून मी वाचत गेले आणि ती टाइप करत गेली. देवकीमावशीची यादी वेगळी ठेवू का, असं तिने विचारलं होतं. असू दे एकत्रच, असं मी म्हटलं. मी म्हटलं, सुनेने नव्हे. एकीच्या खोल्या भरल्या की पाहुणा दुसरीकडे पाठवायचा, ही आपली जुनी रीत. त्यातच हे बसतं, अशी मनाची समजूत घातली. निरोप मात्र सगळ्यांना आमच्याच खोल्यांचे गेले.

मग तुझ्याकडचे यायचे थांबले. म्हातारी झाली होती बिचारी माणसं, गेली असतील, असं तू म्हणालीस आणि मी मान डोलावली. चोराच्या उलट्या बोंबा निदान ऐकू तरी येतात. मी गप्पच बसले. लाज वाटते मला.

काल तुझा दीर कृष्णनाथ बाजारात भेटला. सोमवारी तू घर अकरा वर्षांच्या करारावर दिल्लीवाल्याला देते आहेस म्हणाला, म्हणून हे पत्र. सही करू नकोस. जिच्या नावाने यंदा म्हाळात तू पान वाढलंस, ती तुझ्या वहीतली जुनी पाहुणी उर्सुला जिवंत आहे. माझ्या मागच्या खोलीत राहते आहे. देवकी खोल्या बंद करून लेकाकडे पणजीला गेली, असं मीच तिला सांगितलंय, तरी रोज तुझी चौकशी करते. रविवारी सकाळी तिला घेऊन येते. मला उंबऱ्यावरून हाकललंस तरी चालेल, तिला तेवढी आत घे.

तुझीच म्हणायला जीभ रेटत नाही, तरी तुझीच,
सुविधा