वीस दिवस बिनकॉफीचे

पूर्णा,
रविवार, सकाळ

प्रिय भक्ती,

काकांचं पत्र बघून आधी हसशील. हातात फोन असताना हे काय खूळ, म्हणशील. दोनदा तुझा नंबर लावला होता. तुझं "हॅलो काका" ऐकलं आणि ठेवून दिला. तूच मग मेसेज केलास की नेटवर्क नसेल, बरं झालं. तोंडातून निघत नाही ते कागदावर तरी उतरतं का, बघतो.

बातमी अशी की माझं नाक मोकळं झालं. तू आणि आमची संघा चार वर्षं बंगळुरूला एका खोलीत राहिलात, तेव्हा बापाच्या नाकाचं रडगाणं तिनं तुलाही ऐकवलंच असणार. रेल्वेत होतो तेव्हा याच नाकावर माझी ऐट होती. मालगाडीचा ब्रेक चिकटून चाक तापलं, की गाडी समोरून जाताना मी नुसत्या वासावर गाडी थांबवायला हात वर करायचो. संघा म्हणायची, आमच्या पपांचं नाक म्हणजे सरकारी मालमत्ता. रिटायर होताना लाल-हिरव्या झेंड्यांबरोबर तेही जमा करून आलो बहुतेक. तेव्हापासून जे चोंदलं ते चोंदलंच.

दोन वर्षांमागं तिनं तिकडून स्टीलचा फिल्टर आणि कॉफीची पुडी आणली. कुठंतरी वाचलं होतं तिनं. "पपा, गरम गरम घिऊन तर बगा, लय फरक पडतो." पूर्णेत आमच्या गल्लीत कॉफी पिणारा मी एकटाच! खोटं कशाला बोलू, वाफेनं दहा मिनिटं बरं वाटायचं. पण अर्ध्या तासात शिंका सुरू, डोळ्यांना पाणी, टाळूला खाज, आणि नाक पहिल्यापेक्षा घट्ट. हे मी तिला कधी सांगितलं नाही. फोनवर विचारायची, घेतली का कॉफी? मी म्हणायचो, घेतली, लाइन क्लिअर! लेकीनं हौसेनं औषध द्यावं आणि बापानं ते बाधतं म्हणावं, हे काही मला जमलं नाही.

मग सप्टेंबर आला. संघाचा चार दिवसांचा तो डेंग्यूचा ताप. आम्ही दोघं बंगळुरूच्या गाडीत होतो आणि तिकडं सगळं आटोपलं होतं. तू एकटीनं निभावलंस, पोरी. त्याबद्दल मी तुला एका शब्दानं काही बोललो नाही अजून. तू मनाला लावून घेतलं आहेस असं तुझी आई म्हणत होती. तसं करू नकोस. तुझा हात होता तिच्या हातात, आमचा नव्हता. एवढंच मला आठवतं.

ती गेल्यावर माझी कॉफी एका गिलासावरून चार गिलासांवर गेली. ती नाही तर तिचं सांगणं तरी ऐकावं. नाक पार बंद. भाजी करपली तरी कळेना.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी काकूनं संघाचे सगळे कपडे स्वतः धुतले, वाळवले, घड्या घातल्या आणि वसतिगृहातल्या मुलींना देऊन टाकले. दुसऱ्याच्या अंगावर जायचा कपडा धुतलेला पाहिजे, हे तिचं बरोबरच. मी फक्त एक निळा स्वेटर लपवला, न धुतलेला, माझ्या ड्युटीच्या ट्रंकेत. रोज सकाळी काकू भाजीला गेली की तो काढायचो आणि नाकाशी धरायचो. काहीच यायचं नाही. पण मी खचलो नाही, कारण दोष माझ्या नाकाचा होता ना! वास तिथं आहे, आपल्याला येत नाही एवढंच. आज ना उद्या नाक सुटेल आणि संघा येईल, तिच्या त्या खोबरेलासकट.

शेवटी काकूनं मला परभणीला नाकाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी सगळं विचारलं. म्हणाल्या, कॉफीनं कुणाला बरं वाटतं, कुणाला उलटं होतं, आणि ते तपासणीत सापडेलच असं नाही. तीन आठवडे थेंबही घेऊ नका, मग बघू. मी तिथंच चिडलो. बाहेर आल्यावर काकू म्हणाली, "लेकीनं बरं वाटावं म्हनून दिली हुती, असं नाक धरून बसायला न्हाई. सोडा की आता." मी सोडली, पण खरं सांगू, स्वेटरासाठी सोडली. पहिले चार दिवस डोकं असं ठणकलं की भिंतीवर आपटावं वाटे. अकराव्या दिवशी फोडणीतला लसूण आला. मग पेपरची शाई, मग स्टेशनकडून येणारा डिझेलचा वास. मी लहान पोरासारखा एकेक मोजत होतो.

विसाव्या दिवशी आंघोळ करून ट्रंक उघडली. स्वेटर नाकाशी धरला. डांबरगोळ्या. नुसत्या डांबरगोळ्या. काकूला तो केव्हाच सापडला होता. कसर लागू नये म्हणून तिनं घडीघडीत गोळ्या घातल्या होत्या. मी चोरून ठेवला म्हणून तिनंही चोरून जपला. तिला काय बोलू? भक्ती, मी कॉफी पीत होतो तोवर माझी लेक त्या स्वेटरात होती गं. ट्रंक लावली आणि काकू कोथिंबीर विसरली होती ती आणायला गेलो.

आता पत्र का लिहिलं ते. काकूनं शिवलेली तिची वाकळ तुझ्या खोलीवर राहिली आहे. कार्यक्रमाला आलीस तेव्हा म्हणालीस, मे महिन्यात बोरीला घरी येईन तेव्हा स्वच्छ धुऊन आणते, काका. आणि मी मान हलवली. मी मूर्खानं मान हलवली! धुऊ नकोस, पोरी. मळकी असू दे. तापातला घाम असेल, असू दे. पिशवीत घाल, तोंड गच्च बांध आणि तशीच आण. आणि धुऊन झाली असेल तर तेही मला सांगू नकोस. तसं असेल तर घरात आल्यावर नुसतं काकूला म्हण, काकांना आधी एक गिलास कॉफी द्या. फिल्टर फळीवरच आहे. मी पिईन, काही विचारणार नाही. मग अर्धा तास थांब, आणि मग वाकळ माझ्या हातात दे.

तुझाच,
सिद्धोधन काका